रंगवलेला व्हायरस

दुपारी मावशीचा फोन आला. ती काही बोलायच्या आधीच मागून एका बाईचा यांत्रिक आवाज ऐकू आला, एकच इंग्रजी सूचना पुन्हा पुन्हा घोकणारा. "अरे, लॅपटॉप किंचाळतोय," मावशी म्हणाली. "सगळा पडदा लाल झालाय. बंद करू नका, नाहीतर सगळं पुसलं जाईल म्हणतोय. खाली एक नंबर दिलाय. पण म्हटलं, आधी तुला विचारावं."

मावशीने पडद्यावरचा तो नंबर फिरवावा, एवढ्याचसाठी त्या लाल पडद्यामागचा सगळा खटाटोप होता.

मी विचारलं, माऊसचा बाण दिसतोय का? नाही. वर पत्त्याची पट्टी? तीही नाही. मग म्हटलं, एस्केपचं बटण दाबून धर, मी सांगेपर्यंत सोडू नकोस. तीन आकडे मोजून होईपर्यंत पडदा आक्रसला, वर टॅबची रांग दिसू लागली. तिने त्या टॅबवरची फुली दाबली आणि बाई गप्प झाली. "एवढंच?" मावशी म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेपेक्षा फजितीच जास्त होती.

एवढंच, कारण त्या लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं. कुठलंही वेबपान उघडलं की ब्राउझर त्याला एका बंद खोलीत ठेवतो. जाणकार याला सँडबॉक्स म्हणतात. २००८ साली आलेल्या क्रोमने ही कोंडण्याची पद्धत नेटाने राबवली, आणि आज सगळे प्रमुख ब्राउझर ती पाळतात. त्या खोलीतून पानाला तुमच्या डिस्कवरच्या फायली चाळता येत नाहीत, कुठले प्रोग्राम चालू आहेत हेही पाहता येत नाही. मग 'स्कॅन चालू आहे' म्हणत सरकणारी पट्टी आणि भराभर पळणारी फायलींची नावं येतात कुठून? ती पानातच लिहून ठेवलेली असतात, आणि जो येईल त्याला तीच दाखवली जातात. म्हणून तर कधीकधी मोबाइलवरसुद्धा 'सी ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडला' अशी बातमी झळकते. मोबाइलला सी ड्राइव्ह नसतो हे बघायला रंगवणाऱ्याला सवड नसते.

"पण त्याला माझं शहर माहीत होतं," हा पुढचा प्रश्न ठरलेला. पान मागवायचं तर ते कुठे पाठवायचं हा पत्ता समोरच्याला द्यावाच लागतो. तो आयपी पत्ता. त्यावरून इंटरनेट कंपनी आणि अंदाजे शहर काढून देणाऱ्या याद्या सहज मिळतात. ब्राउझर कुठला आणि सिस्टिम कुठली, हेही ब्राउझर प्रत्येक साइटला आपणहून कळवत असतो. तुम्ही रोज पाहता त्या प्रत्येक साइटला एवढी माहिती मिळते. असली पानं बनवणारी टोळी ती लाल अक्षरांत परत तुमच्याच तोंडावर फेकते, इतकंच.

आता जरा ब्राउझरच्या चौकटीकडे नीट बघू. वरच्या भागात टॅब, पत्त्याची पट्टी, मागे-पुढे जाण्याचे बाण असतात. हा भाग ब्राउझरचा स्वतःचा, तिथे साइटला हात लावता येत नाही. त्याखालची सगळी जागा साइटच्या मालकीची, तिने तिथे हवं ते चितारावं. या दोन भागांमधल्या रेषेला ब्राउझर बनवणारी मंडळी 'लाइन ऑफ डेथ' म्हणतात. नाव नाटकी आहे, पण नेमकं आहे. रेषेखाली दिसणारी विंडोजसारखी खिडकी, अँटिव्हायरसचं चिन्ह, कोपऱ्यातली फुली, सगळं चित्र असू शकतं. खात्री करायची असेल तर ती छोटी खिडकी माऊसने धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहावी. खरी असेल तर बाहेर येईल. चित्र कडेशीच अडकतं.

फसवणाऱ्यांना म्हणूनच ती रेषा नकोशी असते, आणि ती पुसायचा सोपा मार्ग म्हणजे फुल स्क्रीन. पण वापरकर्त्याने पानावर काहीतरी दाबल्याशिवाय ब्राउझर फुल स्क्रीन होऊ देत नाही. आवाजाचंही तसंच. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या क्रोमच्या ६६ व्या आवृत्तीपासून सहसा तुम्ही आधी काही दाबल्याखेरीज पानाला आपल्या मनाने आवाज सुरू करता येत नाही. त्यामुळे हे पान सर्वात आधी एक क्लिक मिळवायच्या मागे असतं. 'कुकीज मान्य', 'मी रोबो नाही', किंवा तीच ती रंगवलेली फुली. तुम्ही पान बंद करायला म्हणून क्लिक करता आणि त्याच क्लिकच्या जोरावर पडदा व्यापला जातो, भोंगा वाजू लागतो. माऊसचा बाण गायब करायला कोडची एक ओळ पुरते. कीबोर्ड ताब्यात घ्यायची सोय क्रोमने खेळांसाठी आणि दुसरा संगणक लांबून चालवण्यासाठी ठेवली आहे, तीही इथे वापरली जाते. मग एस्केप एकदा दाबून काही होत नाही, आणि माणसाला वाटतं की संगणकच हातचा गेला.

पण ही सोय देताना ब्राउझरने एक किल्ली स्वतःकडे राखून ठेवली आहे: एस्केप सुमारे दोन सेकंद दाबून धरलं की फुल स्क्रीन सुटलीच पाहिजे. मावशीने तेच केलं. त्यानेही भागलं नाही तर विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबायची. विंडोज एनटी या जुन्या आवृत्तीच्या काळापासून ही जोडी थेट सिस्टिमकडे जाते, कुठलाही साधा प्रोग्राम ती मधल्या मध्ये पकडू शकत नाही. तिथून टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करता येतो. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का?' असं विचारलं तर नको म्हणायचं, नाहीतर बाई परत बोलायला लागेल.

हा उंदीरमांजराचा खेळ जुना आहे. एके काळी 'ओके' दाबलं की पुन्हा तीच सूचना, पुन्हा 'ओके', असा कधीच न संपणारा फेरा चालायचा. मग ब्राउझरांनी 'या पानाच्या सूचना थांबवा' असा पर्याय दिला. (२०१९ मध्ये जपानच्या ह्योगो प्रांतातल्या पोलिसांनी असल्याच, पण निव्वळ गमतीच्या, एका पानाचा दुवा टाकला म्हणून १३ वर्षांच्या मुलीवर कारवाई केली होती. तिथले प्रोग्रामर चांगलेच खवळले.) मला त्यातल्या त्यात दाद द्यावीशी वाटते ती २०१८ मधल्या एका युक्तीला. पानाने माऊसचा बाण बदलून त्याजागी १२८ पिक्सेल लांबी-रुंदीचं पारदर्शक चित्र लावलं, त्यात बाण भलत्या जागी काढलेला. डोळ्यांना बाण दिसतो एका जागी, क्लिक पडतं भलतीकडे. माणूस टॅबच्या फुलीवर नेम धरून दाबतोय, दाबतोय, आणि प्रत्येक वेळी नेम चुकतोय! क्रोमने पुढे ही फट बुजवली.

या पानांपर्यंत माणूस पोचतो कसा? अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या धंद्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास मांडला. आठ महिन्यांहून जास्त काळ त्यांची यंत्रणा अशी पानं शोधत होती. मुख्य वाट सापडली ती जाहिरातींची: साइट सरळमार्गी असते, पण तिच्यावरची जाहिरातीची जागा तीन-चार दलालांच्या हातून जाता जाता या टोळ्यांना मिळते. पत्ता टाइप करताना अक्षर चुकलं तरी माणूस तिथे जाऊन पडतो. शिवाय समोर तपासनीस आहे असा संशय आला की तेच पान साळसूद चेहरा दाखवतं. गुगलने २०२५ मध्ये सांगितलं, की अशा घातक साइटचं सरासरी आयुष्य दहा मिनिटांपेक्षा कमी असतं. धोकादायक साइटच्या काळ्या यादीत नाव चढेपर्यंत ती गेलेली असते. म्हणून क्रोमच्या १३७ व्या आवृत्तीपासून तुमच्याच संगणकावर चालणारं छोटं भाषा-मॉडेल (मजकूर समजणारा एआय) संशयास्पद पान वाचून पाहतं, आणि त्याला जागं करणाऱ्या खुणांपैकी एक म्हणजे कीबोर्ड ताब्यात घेण्याचा प्रयत्न.

स्टोनी ब्रूकच्या मंडळींनी ६० ठगांशी फोनवर बोलूनही पाहिलं. फोन लागल्यावर पलीकडचा माणूस आधी तुमच्या संगणकात लांबून शिरण्याची परवानगी मागतो. मग खेळ सुरू. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत तो एक आज्ञा देतो आणि शेवटच्या ओळीतला ८८८ ने सुरू होणारा लांबलचक कोड दाखवून म्हणतो, "हा तुमच्याच संगणकाचा खास क्रमांक, आमच्याकडच्या नोंदीशी जुळतोय बघा." तो कोड फाइल झिप करून पाठवण्याच्या मेनूतल्या सोयीचा असतो आणि कुठल्याही विंडोजवर तोच दिसतो. दुसऱ्या आज्ञेने 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असा रकाना येतो. "बघा, परदेशी लोक घुसलेत!" इथला फॉरेन म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाचा, तुम्ही एखादं साधं पान वाचत असाल तरी तो रकाना भरलेला असतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल-पिवळ्या खुणाही धडधाकट संगणकात ढिगाने सापडतात. या साऱ्या नाटकाची सरासरी मागणी त्या अभ्यासात सुमारे २९० डॉलर निघाली.

मग पान इतकं बटबटीत का? जरा बरं रंगवलं तर जास्त लोक फसतील ना? मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये ई-मेलच्या ठगांबद्दल जे मांडलं, ते मला इथेही लागू वाटतं. पत्र पाठवायला खर्च नसतो, खर्च असतो तो उत्तर देणाऱ्याशी बोलत बसण्यात. शंकेखोर माणूस तासभर बोलून पैसे न देता फोन ठेवेल, तर धंदा बसेल. बटबटीतपणा ही चाळण आहे. ती पार करून जो फोन लावतो तो आधीच घाबरलेला असतो.

कोणी फोन लावून आत घेतलंच असेल, तर आधी इंटरनेट तोडायचं, त्यांनी टाकायला लावलेला प्रोग्राम काढायचा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलायचे आणि बँकेला त्याच दिवशी कळवायचं. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलंय, की त्यांच्या खऱ्या त्रुटी-सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

दुसऱ्या दिवशी मावशीचा पुन्हा फोन. "टॅब बंद केला रे, पण उजव्या कोपऱ्यात चिठ्ठ्या येतायत, व्हायरस व्हायरस म्हणून." तिने कधीतरी कुठल्यातरी साइटला सूचना पाठवायला 'अलाउ' म्हटलं होतं. ही चिठ्ठी ब्राउझरच्या बाहेर, सिस्टिमच्या सूचनांच्या रांगेत येऊन बसते, म्हणून जास्त खरी वाटते. तिला सेटिंगमधली नोटिफिकेशनची यादी उघडायला लावली. अकरा नावं निघाली. एकेक वाचत तिने दहा काढली. अकरावी हवामानाची होती, ती राहू दे म्हणाली.