सर्व्हिस 'झाकली' हे ठरवायचं कुणी?

टेबल टेनिसमध्ये सर्व्हिस करताना बोटांत चेंडू पिळून त्याला आधीच फिरकी द्यायची अमेरिकी खेळाडूंची युक्ती १९३७ साली बंद पडली. उघड्या तळहातावरून, फिरकी न देता चेंडू वर उडवायचा हा दंडक त्याच धड्यातला. १९८० च्या दशकात बॅटच्या दोन बाजूंना वेगळे रंग सक्तीचे झाले, कारण वेगळ्या गुणांची पण एकाच रंगाची रबरं लावून चकवणं फार बोकाळलं होतं. पण सर्व्हिसचा फटकाच खांद्याआड, समोरच्याला दिसू न देता बसणार असेल (हीच 'झाकलेली' सर्व्हिस), तर रंगांचा उपयोग काय?

म्हणून १ सप्टेंबर २००२ पासून नियम कडक झाला. बॅट लागेपर्यंत चेंडू समोरच्याला दिसलाच पाहिजे आणि तो वर उडवताच मोकळा हात चेंडू व जाळी यांच्या मधून काढून घ्यायचा.

खरी गोची इथून पुढे. चेंडू झाकला की नाही हे ठरतं समोरच्याच्या नजरेतून आणि पंच बसतो बाजूला, जाळीच्या रेषेत. त्याला कोपर दिसतं, खांदा दिसतो. पलीकडून काय दिसलं याचा तो अंदाजच बांधतो. यावर तोड म्हणून नियमाने भार सर्व्हिस करणाऱ्यावर टाकला: आपली सर्व्हिस वैध आहे, अशी पंचाची किंवा सहायक पंचाची खात्री पटेल अशीच ती करायची. शंका आली तर खेळ थांबवून लेट (म्हणजे गुण कुणालाच नाही, सर्व्हिस पुन्हा) आणि ताकीद. (पिवळ्या कार्डाशी हिचा संबंध नाही, ते वागणुकीसाठी.) ही सवलत अख्ख्या सामन्यात एकदाच, पुढची शंकास्पद सर्व्हिस थेट फॉल्ट, म्हणजे गुण समोरच्याला. उघड चूक असेल तर तेवढीही ताकीद नाही, गुण गेलाच.

कागदावर चोख आहे सगळं. पण ९-९ अशा अटीतटीच्या वेळी हात उंचावून खेळ थांबवायला पंच कचरतात आणि जो पहिल्याच गेममध्ये करतो, त्याच्यावर 'खडूस' असा शिक्का बसतो. माझ्या मते तोच पंच बरोबर असतो.

उंचीचं त्या मानाने सोपं. चेंडू किमान १६ सेंटिमीटर उडायला हवा आणि जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच, त्यामुळे नजरेला माप समोरच आहे. 'जवळजवळ सरळ वर' याचा अर्थ मात्र आवळला गेला: पूर्वी ४५ अंशांपर्यंत चालायचं, आता काही अंशांचीच मुभा. तरी बॅटकडे तिरका भिरकावलेला चेंडू मोठ्या स्पर्धांतही दिसतोच.

डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधल्या झेंगझोउच्या स्पर्धेत व्हिडिओ पाहणी आली आणि सर्व्हिसवरच्या निर्णयालाही आव्हान देता येऊ लागलं. उंची त्यात लगेच कळते. झाकलेल्या चेंडूसाठी मात्र कॅमेराही समोरच्याच्या नजरेच्या रेषेत असावा लागतो.