एफपीयू आहे म्हणून 'डबल'चं गणित वेगवान होत नाही

'चिपमध्ये एफपीयू (दशांशाचं गणित करणारं हार्डवेअर) आहे, आता दशांशाचं गणित बिनधास्त करा' हा समज अर्धवट आहे. कॉर्टेक्स-एम४ या मायक्रोकंट्रोलरमधल्या प्रोसेसरमध्ये एफपीयू ऐच्छिक असतं आणि असलं तरी फक्त ३२ बिटी फ्लोटचंच गणित करतं. ६४ बिटी डबलचं काम सॉफ्टवेअर लायब्ररीकडे जातं, तेही कितीतरी जास्त वेळ घेऊन.

डबल नकळत शिरतं, खरी गोम तिथेच! सी भाषेत नुसतं ०.१ म्हणजे डबल. ते फ्लोट व्हावं म्हणून शेवटी एफ लावाच (०.१एफ). साइन फंक्शन डबलचं, त्याऐवजी फ्लोटचं साइनएफ वापरा. फ्लोटचं नकळत डबल झालं की सांगणारी जीसीसी कंपायलरची डबल-प्रमोशन वॉर्निंग वेगळी चालू करावी लागते, 'वॉल' (-Wall) या नेहमीच्या पर्यायात ती येत नाही.

शिवाय रीसेटनंतर एफपीयू बंदच असतं. ते चालू करायला सीपीएसीआर या नियंत्रण रजिस्टरचे २० ते २३ हे बिट १ करा, मग तो बदल नक्की लागू व्हावा म्हणून डीएसबी, आयएसबी या इन्स्ट्रक्शन द्या. विसरलात तर पहिल्याच फ्लोट इन्स्ट्रक्शनवर फॉल्ट येतो.