यकृताचा कर्करोग आणि जुन्या गोळ्या : दाव्यांमागची पार्श्वभूमी

मधुमेहावरचे मेटफॉर्मिन किंवा कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन घेणाऱ्यांना यकृताचा कर्करोग कमी होतो, अशा बातम्या वरचेवर येतात. त्या वाचताना टॅमॉक्सिफेनची आठवण ठेवावी. स्तनाच्या कर्करोगावरचे हे औषध यकृताच्या गाठींवरही चालते, असे छोट्या चाचण्यांवरून वाटले होते. १९९८ मध्ये इटलीतल्या जवळपास ५०० रुग्णांत त्याचा फायदा दिसला नाही. २००२ मधल्या आशिया-पॅसिफिक चाचणीत तर मोठा डोस घेणारे लवकर दगावले.

खरा वाद स्टॅटिनचा. २००१ साली जपानमध्ये ८३ रुग्णांची चाचणी झाली. गाठीचा रक्तपुरवठा बंद करून केमोची गोळी सगळ्यांनाच दिली होती. साधारण निम्म्यांना त्यावर रोज ४० मिलिग्रॅम प्राव्हास्टॅटिन, म्हणजे एक स्टॅटिन. त्या गटाचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १८ महिने, उरलेल्यांचे ९. पुढे हजारो रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून झालेल्या अभ्यासांतही स्टॅटिन घेणारेच सरस ठरत गेले. पण या नोंदी फसव्या असतात. निदानानंतर वर्षभराने ज्याची गोळी सुरू झाली, तो ते वर्ष जगलेलाच असतो. ते वर्ष गोळीच्या खात्यात धरले की गोळी आपोआप गुणकारी दिसते. शिवाय यकृत निकामी होत गेले की कोलेस्टेरॉल आपणच उतरते, डॉक्टर स्टॅटिन लिहीत नाहीत, आणि सर्वांत आजारी माणसे ‘न घेणाऱ्यां’त जमा होतात. मेटफॉर्मिनच्या आकड्यांनाही हीच बाधा आहे.

निकाल लागला तो २०१९ मध्ये. फ्रान्समधल्या ३२३ रुग्णांत सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधासोबत प्राव्हास्टॅटिन घेणारे १०.७ महिने जगले, नुसते सोराफेनिब घेणारे १०.५. हे रुग्ण पुढच्या टप्प्यातले होते, त्यामुळे कर्करोग होण्याआधी स्टॅटिनचा उपयोग होतो का, हा प्रश्न या चाचणीने मिटत नाही. तरी एवढ्या साध्या प्रश्नाला १८ वर्षे लागावीत, हे मला अक्षम्य वाटते. पेटंट संपलेल्या गोळीच्या चाचणीत पैसा घालायला कंपन्यांना कारण उरत नाही. सोराफेनिब पेटंटचे होते. २००५ मध्ये ते अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले आणि २००७ मध्ये यकृताच्याही.

ॲस्पिरिनचा आधार २०२० चा. स्वीडनमधल्या हिपॅटायटिस बी-सीच्या पन्नास हजारांवर रुग्णांच्या नोंदींत दहा वर्षांतला यकृताचा कर्करोग ॲस्पिरिन न घेणाऱ्यांत ८.३ टक्के होता, घेणाऱ्यांत ४ टक्के. पण याही नोंदीच, आणि सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण झाले की, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होण्याची भीती असतेच.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र या चर्चेत फारसा निघत नाही. एचआयव्हीसाठी आधी मंजूर झालेले लॅमिव्ह्युडिन हिपॅटायटिस बीच्या ६५१ रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. २००४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा डमी गोळीच्या गटात कर्करोग ७.४ टक्के होता, औषधाच्या गटात ३.९. आज त्याच्या जागी दिले जाणारे टेनोफोव्हिरही आधी एचआयव्हीवरच मंजूर झाले होते.