सोलापुरातील स्थलांतरित कामगार आणि क्षयरोगाचे उपचार

कामधंद्यासाठी सोलापूर शहरात व जिल्ह्यात आलेल्या लोकांना क्षयरोगाची, म्हणजे टीबीची, तपासणी करून घेताना आणि औषधे पुरी करताना येणाऱ्या अडचणींचा हा विषय आहे. सोलापूर हे मुळातच बाहेरून आलेल्या कामगारांनी वाढवलेले शहर. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, हातमाग आणि नंतरचे यंत्रमाग यांच्या ओढीने निजामाच्या राज्यातून तेलुगू भाषक पद्मशाली विणकर इथे आले आणि पूर्व भागात स्थिरावले. आजचे नवे स्थलांतरित म्हणजे ऊसतोड कामगार, वीटभट्ट्यांवरचे मजूर आणि उत्तर भारतातून आलेले बांधकाम मजूर.

सर्वांत बिकट स्थिती ऊसतोड टोळ्यांची असते. बीड, धाराशिव भागांतून या टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. टीबीचा साधा उपचार मात्र किमान सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. संक्रांतीला निदान झाले, तर औषधे बदलण्याची वेळ आणि टोळी उठण्याची वेळ जवळपास एकच येते. त्यातच खोकला थांबून अंगात जोर आलेला असतो. गोळ्या मागे पडतात त्या इथेच. अर्धवट उपचारातून औषधांना दाद न देणारा टीबी उद्भवू शकतो.

मुळात निदानच उशिरा होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासावा, असा नियम आहे. पण पहाटेच्या नमुन्याच्या वेळी माणूस फडात असतो. दवाखान्यात गेल्यास खाडा पडतो आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत, म्हणजे आगाऊ रकमेत, तो धरला जातो. कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, नवरा-बायकोचा असल्याने एकाच्या खाड्याने दोघांचे काम अडते. मग खोकल्याच्या बाटलीवर दिवस काढले जातात.

पूर्व भागात पत्ता पक्का आहे, तिथे अडचण वेगळी. मागावर सुताचा धुरळा, विडी वळताना तंबाखूची धूळ. खोकला हा धंद्याचाच भाग समजला जातो. वयस्क बायकांना तेलुगूच सोयीची असल्याने मराठीत दिलेल्या सूचना अर्ध्याच पोचतात. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे लघवी नारिंगी होते, हे आधी सांगितले नाही तर घाबरून गोळ्या बंद होतात. मुलीचे लग्न ठरायचे असेल, तर आजार शेजारणीलाही कळू दिला जात नाही.

सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. पोषणासाठी 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1000 रुपये आहे. ती बँक खात्यात जमा होते, आणि पासबुक बहुधा गावच्या घरी. ‘निक्षय’ या संगणकीय नोंदवहीत रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे पाठवता येते. ही सोय चांगली आहे, पण टोळी कधी उठणार हे मुकादमालाच ठाऊक असते आणि आरोग्य सेवकाला तो सहसा विचारातही घेत नाही.

संपर्कातील लोकांची तपासणी करताना कुटुंब हे एकक धरले जाते. पालांच्या वस्तीत एका खोकणाऱ्याजवळ निजणारी माणसे वेगवेगळ्या कुटुंबांची असतात आणि हंगाम संपताच पांगतात. प्रतिबंधक औषधांत आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा कोर्स त्यांना जमण्यासारखा नाही. आठवड्यातून एकदा, असे बारा डोस घ्यायचा नवा कोर्स वेळेत सुरू केला, तर हंगामातच पुरा होऊ शकतो.