बसलं म्हणजे जुळलं नव्हे

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं पहिला कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडला. आधी एका वेबसाइटवर यादी तपासून घेतली, प्रत्येक भागापुढे हिरवी खूण आली, मग लॅमिंग्टन रोडला दोन चकरा मारून सगळं घेऊन आला. कॉम्प्युटर पहिल्याच बटणाला सुरूही झाला. पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे चित्र पूर्ण तयार करायचं काम, लावलं की चार-पाच मिनिटांत प्रोसेसरचा वेग साडेचार गिगाहर्ट्झवरून दोनच्या खाली उतरायचा.

"मामा, प्रोसेसर तर साठ अंशच दाखवतोय. मग हा दमतो कशानं?"

कॅबिनेटची बाजू काढली आणि इन्फ्रारेड थर्मामीटर प्रोसेसरवर न रोखता, मदरबोर्डावर तो ज्यात बसतो त्या सॉकेटच्या शेजारी ओळीनं बसलेल्या काळ्या चपट्या चौकोनांवर रोखलं. १०७ अंश.

हिरवी खूण खोटी नव्हती. ती आकार आणि पिढी बघते, आणि तेही बघायलाच हवं. एएमडीचं एएम४ सॉकेट १३३१ पिनांचं आणि एएम५ १७१८ संपर्कांचं, त्यामुळे एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही रॅम २८८ पिनांच्या, पण खाच वेगळ्या जागी. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटशी ताडून बघा. एवढं केलं की वस्तू बसतात.

बसूनही न जुळणं म्हणजे काय, ते २०१७ मध्ये अनेकांनी अनुभवलं. इंटेलच्या आठव्या पिढीचे प्रोसेसर आधीच्या दोन पिढ्यांसारख्याच ११५१ संपर्कांच्या सॉकेटचे होते. जुन्या बोर्डात ते अगदी व्यवस्थित बसत, पण चालत नसत. आधी राखीव असलेले काही संपर्क आता वीज पुरवायला लावले होते. प्रोसेसरचे गाभे, म्हणजे कोअर, वाढले होते, त्यांना जास्त वीज हवी होती. सगळी गोम या विजेतच आहे.

शाळेतलं सूत्र आठवा: वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. प्रोसेसर चालतो साधारण १.२ व्होल्टवर. त्याला १२० वॉट हवे असतील तर प्रवाह झाला १०० अँपिअर! घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो. आणि तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाटेत एक मिलिओहम रोध असला तरी १०० अँपिअरला १० वॉट जळतात. तीच वीज १२ व्होल्टनं आणली तर प्रवाह १० अँपिअर आणि नुकसान फक्त ०.१ वॉट. चंद्रपूरची वीज पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर ५०० किलोव्होल्टच्या तारांवरून येते ती याच कारणानं. म्हणून एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, बोर्डाला १२ व्होल्टच देतो आणि १.२ व्होल्ट सॉकेटच्या अगदी उंबरठ्यावर तयार होतात. ते काम व्हीआरएमचं, म्हणजे त्या काळ्या चौकोनांचं आणि त्यांच्या साथीदारांचं.

ते कसं होतं, हे मला आजही विलक्षण वाटतं. काळा चौकोन म्हणजे मॉस्फेट, एक स्विच. तो सेकंदाला तीन ते पाच लाख वेळा उघडझाप करतो. दर फेरीत दहावा भाग वेळ चालू, बाकीचा वेळ बंद. १२ चा दहावा भाग १.२. पण असे तुटक झटके प्रोसेसरला चालत नाहीत. मोटेचं पाणी आठवा. मोट एकदम रिती होते, मग पुन्हा विहिरीत उतरते, पण पाणी आधी थारोळ्यात पडतं म्हणून पाट वाहता राहतो. इथं थारोळ्याचं काम करतात चोक, म्हणजे करड्या ठोकळ्यातलं वेटोळं, आणि शेजारचे कपॅसिटर. वेटोळ्याला प्रवाह एकाएकी बदललेला खपत नाही. स्विच बंद झाला तरी ते प्रवाह पुढे रेटत राहतं, आणि ग्राउंडकडचा दुसरा स्विच चालू होऊन त्याला वाट करून देतो.

एकाच मोटेवर शंभर अँपिअरचा भार टाकला तर ती जळेल. म्हणून मोटा अनेक, आणि त्याही आळीपाळीनं रित्या होणाऱ्या. अशा एकेका मोटेला म्हणतात फेज. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर पाहिली असेल, तर बारा फेजचा व्हीआरएम डोळ्यांपुढे येईल. जितक्या मोटा जास्त, तितका प्रत्येकीवरचा भार कमी आणि पाट संथ. वर, प्रोसेसर क्षणाक्षणाला आपल्याला किती व्होल्ट हवेत ते व्हीआरएमला कळवत असतो.

भाच्याचा बोर्ड स्वस्तातला, चार फेजचा, मॉस्फेटवर ॲल्युमिनियमचा तुकडाही नाही. प्रोसेसरच्या खोक्यावर '६५ वॉट' लिहिलेलं. तो आकडा मूळ वेगाचा असतो. इंटेलच्या कोअर आय७-१४७०० वर ६५ वॉट लिहिलंय, पण पूर्ण जोरात त्याची मर्यादा २१९ वॉटची आहे. रूपांतरात शंभरातले दहा-बारा वॉट मॉस्फेटमध्येच उष्णता होऊन राहतात. ते फार तापले की बोर्ड प्रोसेसरला हळू चालायला लावतो. साठ अंशांवरचा प्रोसेसर दमत होता तो असा.

माझ्या आईचं म्हणणं, यंत्र लाभलं नाही, पाडव्याला दुसरं आणा. तिची माया मला कळते, पण यंत्र लाभणं किंवा न लाभणं असं काही नसतं. मुहूर्तावर घेतलेल्या मॉस्फेटलाही ओहमचा नियम तोच लागू असतो. असाच भ्रम 'गेमिंग' लिहिलेल्या खोक्यांचा आणि रंगीत दिव्यांचा. त्या दिव्यांचे पैसे मॉस्फेटवरच्या धातूच्या ठोकळ्यावर घाला.

त्या रात्री आम्ही बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या मूळ प्रोग्राममध्ये, प्रोसेसरची मर्यादा ८० वॉटवर बांधली. रेंडरला थोडा जास्त वेळ लागला, पण वेग कोसळला नाही आणि थर्मामीटर ८८ वर थांबलं. पुढच्या महिन्यात त्यानं आठ फेजचा बोर्ड घेतला. या खेपेला बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरची प्रोसेसरची यादी उघडून, आपल्या मॉडेलला कोणत्या आवृत्तीचा बायोस लागतो तेही वाचलं. मर्यादा काढून तोच रेंडर पुन्हा लावला. अर्ध्या तासानं मॉस्फेटवरचा ठोकळा ६६ अंश होता.