ते "रक्तपिपासू" वटवाघूळ रक्त पीत नाही हो

जुन्या वाड्यात किंवा देवळाच्या गाभाऱ्यात लटकलेल्या मोठ्या कानांच्या वटवाघळाचा फोटो आला की खाली "हेच ते रक्त पिणारं" असं कोणीतरी लिहितंच, आणि मग लोक काठ्या घेऊन निघतात, म्हणून हे लिहितोय.

रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात फक्त 3 जाती आहेत आणि त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच सापडतात, भारतात एकही नाही. फोटोतलं बहुतेकदा "फॉल्स व्हॅम्पायर" (म्हणजे "खोटं रक्तपिपासू") असतं, सगळा घोळ या नावाने केलाय. ओळखायचं कसं? दोन्ही कान भलेमोठे आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले, नाकावर उभं पान चिकटवल्यासारखा पडदा, रंग उंदरासारखा करडा, शेपूट दिसतच नाही. आणि खरी गंमत तोंडात आहे, याला वरचे पटाशीचे दातच नसतात! रक्त पिणारं वटवाघूळ नेमक्या त्याच दातांनी कातडी कापतं, त्याचे कान लहान आणि नाक चपटं असतं.

आपलं हे शिकारी आहे हे खरं, किडे, बेडूक, पाली, उंदीर, कधी छोटे पक्षी पण खातं. ते लटकतं तिथे खाली बघा, किड्यांचे पंख, बेडकाचे पाय पडलेले दिसतील. वडा-पिंपळावर शेकड्याने लटकणारी कोल्ह्याच्या तोंडाची मोठी वटवाघळं तर निव्वळ फळं आणि फुलांतला मध खाणारी, नाकावर पडदा नाही, डोळे टपोरे.

फक्त कुठलंही असो, उघड्या हाताने धरू नका, चावलं तर लगेच डॉक्टरकडे जा.