प्रेरित मत्स्यप्रजनन

प्रेरित मत्स्यप्रजनन : तळ्यातील साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी न घालणाऱ्या माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याची पद्धत. भारतात कटला, रोहू आणि मृगळ या प्रमुख कार्प माशांवर ती यशस्वी करण्याचे श्रेय मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी (१९२१–२०१४) यांच्याकडे जाते. देशातील गोड्या पाण्यातील मत्स्यशेती आज मुख्यतः याच पद्धतीने तयार होणाऱ्या बीजावर, म्हणजे माशांच्या लहान पिल्लांवर, चालते.

हे तिन्ही मासे मुळात नदीचे. पावसाळ्यात नदी फुगून काठाबाहेर पसरली, की तिथल्या उथळ, वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. तळ्यात सोडलेली मादी चांगली पोसते, तिच्या पोटात अंडीही भरतात. पण ती सोडली जात नाहीत आणि हंगाम सरला की शरीरातच जिरून जातात. त्यामुळे मत्स्यपालकाला दरवर्षी नदीकडेच धाव घ्यावी लागे. पुराच्या पाण्यात बारीक विणीची जाळी लावून मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली इवलीशी पिल्ले, गोळा करत. त्यात कोणकोणत्या माशांची पिल्ले आहेत हे एवढ्या लहान वयात ओळखता येत नसे. शिकारी जातींची पिल्लेही त्यातून तळ्यात जात आणि पुढे बाकीच्यांना फस्त करत. पश्चिम बंगालमध्ये पावसाचे पाणी बांधात अडवून नदीसारखी स्थिती निर्माण करण्याची जुनी रीत होती, पण तीही पावसाच्या मर्जीवर.

अंडी पिकतात आणि तरीही सुटत नाहीत, याचे कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीत आहे. प्रवाह, पाऊस, पाण्याच्या तापमानातील उतार हे संकेत मिळाले, तरच ही ग्रंथी जननग्रंथींना चेतवणारे संप्रेरक पुरेशा प्रमाणात सोडते. तळ्यात ते संकेत मिळत नाहीत. १९३० च्या दशकात ब्राझीलमध्ये माशांच्याच पियूषिकेचा अर्क टोचून प्रजनन घडवले गेले. भारतात हमीद खान यांनी १९३८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पियूषिकेचा अर्क मृगळावर वापरून पाहिला. चौधुरींनी माशांच्या पियूषिकेचा मार्ग धरला. आधी लहान जातींवर हात बसवून ते कार्पकडे वळले, आणि के. एच. अलिकुन्ही यांच्यासह ओडिशात केलेल्या प्रयोगांना १० जुलै १९५७ रोजी यश आले. भारतात १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. वेगवेगळ्या कार्प जातींच्या संकरावरही चौधुरींनी काम केले आणि नंतर आग्नेय आशियातील देशांत हे तंत्र शिकवले.

मूळ पद्धत हाताच्या कसबाची आहे. पक्व माशाच्या कवटीतून ग्रंथी अखंड काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात, वापरताना ऊर्ध्वपातित पाण्यात घोटतात आणि वरचा निवळ अर्क स्नायूत टोचतात. मादीला दर किलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅम ग्रंथीचा पहिला डोस आणि सुमारे सहा तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅमचा दुसरा डोस दिला जातो. नराला एकच, मादीच्या दुसऱ्या डोसच्या वेळी. मग एका मादीमागे दोन नर अशा जोडणीने त्यांना हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, सोडतात. दुसऱ्या डोसनंतर साधारण तीन ते सहा तासांत अंडी पडतात आणि पाणी २७–२८ अंश सेल्सिअस असेल तर १४ ते १८ तासांत पिल्ले बाहेर येतात. सारी भिस्त प्रजनकांच्या, म्हणजे पैदाशीसाठी घेतलेल्या नर-माद्यांच्या, निवडीवर असते. मादीचे पोट मऊ व फुगीर हवे, नराचे पोट हलके दाबताच दुधासारखा शुक्रद्रव यायला हवा. अपक्व मादीला कितीही टोचले तरी उपयोग नाही.

पुढे मेंदूतील डोपामिन हे द्रव्य पियूषिकेतून सुटणाऱ्या संप्रेरकाला रोखून धरते, असे लक्षात आले. त्यावरून डोपामिनविरोधी औषध आणि कृत्रिम संप्रेरक एकत्र करून ओव्हाप्रिमसारखी तयार इंजेक्शने निघाली. ग्रंथी गोळा करण्याचा खटाटोप संपला, एकाच डोसात काम भागू लागले. गोलाकार चायनीज हॅचरीत पाणी सतत फिरते ठेवून अंडी उबवण्याची सोयही झाली.

बीज मुबलक झाले, तशा नव्या अडचणी आल्या. मोजक्याच प्रजनकांपासून पिढ्यान्‌पिढ्या बीज घेतले की अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातील माशांत प्रजनन, होऊन वाढ खुंटते. एकाच हौदात अनेक जाती सोडल्या की नको ते संकर तयार होतात. म्हणून भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने निरनिराळ्या नद्यांतील रोहू एकत्र आणून निवडपद्धतीने ‘जयंती’ रोहू घडवला. नदीतला मूळ साठा टिकला नसता तर हे शक्यच नव्हते.

नदीच्या बाबतीत अधिक गंभीर प्रश्न उभा राहिला आहे. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीच्या केंद्रात दख्खनी महसीर या मोठ्या नदीमाशाची पैदास साधली, आणि त्या जातीसाठी ते मोलाचेच काम होते. पण हे बीज मूळ प्रदेशाबाहेर कावेरीतही सोडले गेले आणि तिथे दख्खनी महसीर वाढत असताना कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर झपाट्याने घटला. हा मासा म्हणजे ‘टॉर रेमादेवी’ ही जात, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला.